शंभरातल्या दोन

दिवाळीच्या सुमारास सिल्लोड तालुक्यात दोन पिकं एकाच वेळी रस्त्यावर येतात. डांबरी रस्त्याची एक कड अडवून पिवळा मका वाळत पडलेला असतो आणि उरलेल्या वाटेने कापसाने फुगलेल्या गाड्या जिनिंगकडे निघालेल्या असतात. अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचं हे पठार. इथलं पाणी दोन दिशांना फुटतं. लेण्यांजवळून जाणारी वाघूर तापीला मिळते, पूर्णा गोदावरीकडे वळते. जमीन कुठे भारी, कुठे मुरमाड. पाऊस बेभरवशाचा. विहिरी दिवाळीपर्यंत साथ देतात, मग त्यांचंही खरं नाही. अशा ठिकाणी हातात रोकड पैसा आणणारी पिकं मुख्यतः ही दोनच. मिरची आणि आलं आहे, पण तो जुगार. लागला तर लागला.

दोन पिकांना दोन अळ्या आहेत. कापसाला गुलाबी बोंडअळी, मक्याला लष्करी अळी. पहिली आपल्याकडची जुनी रहिवासी. भडोचच्या कापसाची नासाडी करणाऱ्या या किडीचं शास्त्रीय वर्णन डब्ल्यू. डब्ल्यू. साँडर्स या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने १८४३ साली केलं, तेव्हापासून ती कागदावर आहे. दुसरी अगदी नवी. मूळची अमेरिका खंडातली, २०१६ साली पश्चिम आफ्रिकेत सापडली आणि मे २०१८ मध्ये कर्नाटकात शिवमोग्ग्याच्या मक्यावर दिसली. त्याच वर्षी सप्टेंबरात ती सोलापूर जिल्ह्यात होती आणि पुढच्या खरिपात मराठवाड्यातल्या मक्याच्या पोंग्यापोंग्यात. पहिली कापूस सोडून दुसरं फारसं काही खात नाही; दुसरीला साडेतीनशेहून अधिक वनस्पती चालतात. पहिली बोंडात शिरून दिसेनाशी होते, दुसरी पानं चाळणीसारखी करून भुसा मागे टाकते, तो लांबून दिसतो. स्वभाव असे उलट असले तरी दोघींच्या वाढीचा हिशेब एकच आहे.

तो हिशेब असा. गुलाबी बोंडअळीची मादी आयुष्यात शंभर-दोनशे अंडी घालते. आपण शंभरच धरू आणि त्यांतून निम्म्या माद्या निघतील असं समजू. साधारण महिन्याभरात अंड्यातून अळी, अळीचा कोष, कोषातून पतंग असं चक्र पुरं होतं. एकही अंडं वाया गेलं नाही तर एका जोडीचे शंभर पतंग होतात, शंभरांचे पाच हजार, पाच हजारांचे अडीच लाख आणि चौथ्या पिढीला सव्वा कोटी. पोळ्याला शेतात शिरलेली एक जोडी दत्तजयंतीपर्यंत सव्वा कोटी होईल.

तसं अर्थातच होत नाही. अंडी उन्हाने सुकतात, पावसाने धुऊन जातात. ट्रायकोग्रामा नावाचा टाचणीच्या टोकाएवढा मित्रकीटक त्यांच्यात स्वतःचं अंडं घालून ती पोकळ करतो. अंड्यातून निघालेली अळी बोंडात शिरेपर्यंत उघड्यावर असते. तेवढ्यात मुंगी उचलते, कोळी गाठतो. शंभरातल्या किती मेल्या म्हणजे संख्या जिथल्या तिथे राहील? अठ्ठ्याण्णव. दोन उरल्या, आईबापांची जागा भरली. अठ्ठ्याण्णवऐवजी शहाण्णव मेल्या तर चार उरतात आणि दर पिढीला संख्या दुप्पट होते, म्हणजे चार पिढ्यांत सोळापट. नव्वद मेल्या तर दर पिढीला पाचपट, चार पिढ्यांत सव्वासहाशेपट.

अठ्ठ्याण्णव आणि शहाण्णव यांतला फरक बांधावर उभं राहून कुणालाही दिसणार नाही. दोन्ही शेतांत जिकडेतिकडे मरणच आहे. आणि तरी एका शेतात हंगाम निभावतो, दुसऱ्यात दसऱ्यानंतर वेचणीला आलेल्या बायका बोंडं फोडून कवडी झालेला कापूस बाजूला काढत बसतात. एखाद्या औषधाने नव्वद टक्के अळी मरते हे कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर ऐकायला भारदस्त वाटतं. पण त्या नव्वदांतल्या बहुतेक अळ्या औषध नसतं तरी मेल्याच असत्या. उरलेल्या दहांपैकी पुढे किती जगतात आणि त्या कोण आहेत, हे दोन प्रश्न खरे. वाढ ठरते ती पहिल्याच्या उत्तराने. दुसऱ्याचं उत्तर त्या किडीला बदलून टाकतं.

पहिल्या प्रश्नाकडे माणसं बरीच आधी वळली. सजीवांची संख्या पटीने वाढते आणि अन्न त्या गतीने वाढत नाही, हे टॉमस माल्थसने १७९८ साली मांडलं. ते मांडताना त्याच्यापुढे गोरगरीब माणसं होती, किडे नव्हते, आणि त्याने काढलेले निष्कर्ष कोरडेच नव्हे तर निष्ठुर होते. त्याची दुरुस्ती केली ती पिएर-फ्रान्स्वा वेरहुल्स्ट या बेल्जियन गणितज्ञाने, १८३८ मध्ये. संख्या जसजशी जागेच्या आणि अन्नाच्या मर्यादेजवळ जाते तसतशी वाढ आपोआप मंदावते, असं त्याचं समीकरण सांगतं. आधी हळू, मग भरधाव, मग पुन्हा हळू आणि शेवटी सपाट. त्या समीकरणाला त्याच्या हयातीत कुणी फारसं विचारलं नाही. १९२० साली अमेरिकेत रेमंड पर्ल आणि लोवेल रीड यांनी तेच नव्याने शोधलं. आज ते शाळेच्या पुस्तकात आहे. पुस्तकातली ती वक्ररेषा फार गुळगुळीत असते, एवढीच तिची अडचण.

गुलाबी बोंडअळीची मर्यादा म्हणजे हिरवं बोंड. बोंड आहे तोवर ती वाढणार. ते संपलं की ती शेवटच्या पिढीत, दोन सरक्या रेशमाने एकत्र चिकटवून, त्यांच्या आत झोपून राहणार. कोरडवाहू कापसाचा हंगाम पूर्वी या मर्यादेतच बसत असे. मृगात पेरणी, श्रावण-भाद्रपदात पाते-फुलं, दसऱ्याला पहिली वेचणी, आणि डिसेंबरात जमिनीतली ओल संपली की पऱ्हाटी वाळून उभी. जानेवारी ते जुलै शेतात बोंड नाही. बोंडअळीसाठी तो अर्ध्या वर्षाचा दुष्काळ होता आणि तिच्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णवांचा हिशेब बराचसा त्या दुष्काळात चुकता होत असे.

तो दुष्काळ दोन्ही टोकांनी भरून निघाला. एका टोकाला फरदड. वेचणी संपत आलेल्या कापसाला दिवाळीनंतर एखाद-दुसरं पाणी आणि युरियाचं पोतं दिलं की झाड पुन्हा फुटतं, पुन्हा बोंडं धरतं आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालतं. नांगरट नाही, बियाणं नाही, पेरणी नाही. संक्रांतीनंतर भाव वाढेल ही आशा असते ती वेगळीच. दोन एकरवाल्या माणसाला हरभरा पेरण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. कृषी खात्याची भित्तिपत्रकं वर्षानुवर्षं सांगतात की फरदड घेऊ नका. पण ज्याने फरदड घेतली त्याचा हिशेब त्याच्यापुरता चुकलेला नसतो. तोटा होतो तो पुढच्या खरिपात, आणि तोही एकट्या त्याला नाही; साऱ्या शिवाराला वाटून. म्हणूनच फरदडीचा प्रश्न आजवर समजावणीने सुटलेला नाही.

दुसऱ्या टोकाला मे महिन्यातली लागवड. विहिरीला पाणी आणि ठिबक असलेला शेतकरी रोहिण्यांच्याही आधी कापूस लावून मोकळा होतो. घाट उतरून जळगावकडे गेलं की ही बागायती लागवड मोठ्या प्रमाणावर दिसते. आता ती वरच्या पठारावरही ठिकठिकाणी आहे. मे-जूनच्या वळिवाने जमिनीत, पऱ्हाटीच्या ढिगात, जिनिंगच्या आवारात झोपलेल्या अळ्या जाग्या होतात, कोषात जातात, पतंग बाहेर पडतात. या पतंगांना अंडी घालायला पात्या-फुलं लागतात. ती नसली तर आठवड्या-दोन आठवड्यांत ते वांझ मरतात. फुकटात, थेंबभर औषध न उडवता. पण शिवारात एकाच्या जरी शेतात कापूस फुलावर असेल तर त्या पतंगांची सोय लागते. फुलाच्या पाकळ्या रेशमाने बांधून अळी आत बसते. ही डोमकळी म्हणजे हंगामातली पहिली पिढी. शेजाऱ्याचा कोरडवाहू कापूस फुलावर येतो तेव्हा दुसरी पिढी त्याची वाट बघत असते.

जूनआधी कापूस लावू नका असा आग्रह कृषी खातं गेली काही वर्षं धरतं आणि बियाण्यांच्या विक्रीवर तारखेचं बंधन घालतं, त्यामागे हे सारं आहे. डिसेंबरअखेर कापूस संपवा, शेतात शेळ्या-मेंढ्या सोडा, पऱ्हाटी उपटून बारीक करून जमिनीत गाडा, हे सल्लेही त्याच पठडीतले. यातला मेंढरांचा सल्ला मला सगळ्यांत आवडतो. मेंढपाळ वाड्यावाड्यांनी फिरत तेव्हा उरलीसुरली बोंडं मेंढरांच्या पोटात जात. त्याला कीडनियंत्रण असं भारदस्त नाव नव्हतं इतकंच. पऱ्हाटीचं मात्र अवघड आहे. घरोघरी परसात तिचे ढीग असतात. गॅस आला तरी बंब आणि चूल तिच्यावरच चालते. त्या ढिगात न उमललेल्या कवड्या असतात आणि कवड्यांत अळ्या. ढीग पावसाळ्याआधी जाळून संपला तर ठीक. नाहीतर पुढच्या खरिपाचे पतंग घराच्या भिंतीआडून निघतात.

इथवर संख्येची गोष्ट झाली. आता बदलाची.

गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत कापसाची खरी डोकेदुखी गुलाबी अळी नव्हती, घाटेअळी होती, जिला शेतकरी अमेरिकन बोंडअळी म्हणतात. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटाची नवी औषधं आली, काही वर्षं चालली आणि १९८७ च्या सुमारास आंध्रात निकामी ठरली. शेतकरी औषधं मिसळून फवारू लागले, फवारण्यांची संख्या वाढत गेली, कर्ज वाढत गेलं. या पार्श्वभूमीवर मार्च २००२ मध्ये केंद्राने बीटी कापसाला परवानगी दिली. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतल्या जिवाणूचं एक जनुक कापसात घातलेलं. झाड स्वतःच अळीला मारक प्रथिन बनवणार. ते बियाणं आणणारी महिको ही शेजारच्या जालन्याची कंपनी. बद्रिनारायण बारवाले यांनी ती १९६४ साली स्थापन केली आणि त्यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आपल्या भागातल्या बियाण्याच्या धंद्याचं मूळ त्या जालन्यातच आहे. बीटीने पहिल्या वर्षांत दिलासा दिला हे खरं आहे, आणि नंतरच्या रागात ते विसरून चालणार नाही. दहा वर्षांत देशातल्या कापसापैकी सुमारे नव्वद टक्के क्षेत्र बीटीखाली आलं.

गुलाबी अळीत हे विष पचवण्याची ताकद देणारं जनुक बीटी येण्याच्या आधीपासून, अगदी विरळ, असणार. समजा हजारात एक. ही ताकद अशी की ती आई आणि बाप दोघांकडून मिळाली तरच अळी वाचते. एकाकडूनच मिळाली तर बीटीच्या बोंडात मरते. जी. एच. हार्डी आणि विल्हेल्म वाइनबर्ग यांनी १९०८ साली स्वतंत्रपणे मांडलेला हिशेब इथे लागू पडतो. हजारात एक गुणिले हजारात एक, म्हणजे दहा लाखांत एक अळी वाचणार. हा आकडा ऐकून निर्धास्त व्हावंसं वाटतं. पण तालुक्याच्या कापसात अळ्या कोट्यवधींनी असतात. दहा लाखांत एक म्हणजे तिथे डझनांनी. आणि आजूबाजूच्या सगळ्या मेल्यामुळे या डझनांना जोडीदार कोण मिळणार? त्यांच्यासारखेच. त्यांची पिल्लं सगळी वाचणारी. शंभरातल्या ज्या दोन उरतात त्या आता चिठ्ठी टाकून निवडलेल्या नाहीत.

याला उतारा शास्त्रज्ञांना माहीत होता आणि परवानगीच्या अटींत तो लिहिलेलाही होता. बीटीच्या शेताभोवती पाच ओळी किंवा वीस टक्के क्षेत्र, यांतलं जे जास्त असेल त्यात साधा कापूस लावायचा. त्यात साध्या अळ्या भरपूर वाढतील, आणि बीटीतून वाचलेल्या विरळ पतंगाला जोडीदार म्हणून त्यांतलाच कुणी मिळेल. पिल्लांना ताकद एकाकडूनच मिळेल, म्हणून ती बीटीत मरतील. युक्ती देखणी आहे. तिच्यासाठी ४५० ग्रॅम बीटी सरकीच्या पिशवीत १२० ग्रॅमचं साध्या सरकीचं पाकीट दिलं जाई. त्या पाकिटाचं काय झालं ते मराठवाड्यात कुणालाही विचारा. कुणी टाकून दिलं, कुणी नांग्या भरायला वापरलं. पाकिटातलं बियाणं अनेकदा वेगळ्याच जातीचं, वेगळ्या वेळी फुलणारं निघे. काही पाकिटांत तर तूर येई. तुरीवर घाटेअळी जगते, गुलाबी नाही. म्हणजे गुलाबीसाठी तो आश्रय नुसता कागदावरचा.

शेतकऱ्याने ऐकलं नाही म्हणून हे घडलं, असं म्हणणं सोपं आहे. तीन एकरांतला पाचवा हिस्सा स्वतःच्या हाताने अळीला खाऊ घाला, आणि त्याचा फायदा दहा वर्षांनी साऱ्या शिवाराला होईल, असं आपण त्याला सांगत होतो. तेही पिशवीवरच्या बारीक अक्षरांत. भरपाई नाही, तपासणी नाही. हे धोरण नव्हतं. पिशवीवर छापलेली आशा होती.

शिवाय भारतात बीटी आलं ते संकरित वाणांतून. संकरित झाडाला बीटीचं जनुक एकाच पालकाकडून मिळालेलं असतं, त्यामुळे त्याच्या बोंडातल्या काही सरक्यांत विष असतं, काहींत नसतं. गुलाबी अळी सरकीच खाते. एका बोंडात ती कमी-जास्त विषाचे घास घेत वाढते. ज्यांना ताकद एकाकडूनच मिळाली आहे त्याही यात वाचू शकतात, आणि मग वरचा सारा हिशेब भराभर पुढे सरकतो. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे तेव्हाचे संचालक केशव क्रांती यांनी हा मुद्दा वारंवार मांडला. गंमत म्हणजे चीनमध्ये यांगत्से नदीच्या खोऱ्यात अशाच विभागणीचा उलटा परिणाम दिसला. तिथे शेतकरी संकरिताचं पुढच्या पिढीचं बी लावू लागले, त्यामुळे शेतात सुमारे चौथा हिस्सा झाडं साधी निघाली, आणि पाकीट न वाटताच आश्रय तयार झाला. तिथल्या अळीची सहनशक्ती वाढायच्या ऐवजी घटली. सरकीसरकीतला फरक आणि झाडाझाडातला फरक, एवढंच अंतर.

मार्च २०१० मध्ये गुजरातेत अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट या चार जिल्ह्यांत गुलाबी अळी पहिल्या बीटीला जुमानत नसल्याचं जाहीर झालं. तोवर दोन जनुकांचं बोलगार्ड-२ आलेलं होतं, २००६ पासून. पाच वर्षांत गुजरातेत तेही कोसळलं. मग २०१७.

त्या वर्षीचा खरीप महाराष्ट्रातला कापूसवाला विसरणार नाही. राज्यात चाळीस लाख हेक्टरांच्या आसपास कापूस होता. बोंडं बाहेरून हिरवीगार, टवटवीत. अळी कोवळ्या वयात शिरते आणि तिचं छिद्र बुजतं, त्यामुळे फोडेपर्यंत कळत नाही. आत पिवळी पडलेली, किडकी रुई. महाराष्ट्राच्या २००९ च्या कापूस बियाणे कायद्याखाली नुकसानीच्या दाव्यासाठी ‘जी फॉर्म’ भरायचा असतो. त्या हिवाळ्यात कृषी कार्यालयांत त्याच्या रांगा लागल्या. डिसेंबरात नागपूर अधिवेशनात सरकारने मदत जाहीर केली: कोरडवाहूला हेक्टरी ३०,८०० रुपये, बागायतीला ३७,५००. या रकमेत आपत्ती निधीचा वाटा होता, पीकविम्याचे ८,००० धरले होते आणि बियाणे कंपन्यांकडून १६,००० मिळतील असं गृहीत धरलं होतं. कंपन्यांच्या या वाट्यावरून वाद झाला. बियाणं सदोष होतं का? कंपन्या म्हणाल्या, बियाण्यात विष होतंच, कीडच बदलली. हे शास्त्रीयदृष्ट्या खरं होतं. कीड बदलणार हे पंधरा वर्षं आधी अटींत लिहिलेलं होतं, हेही खरं होतं. २०२१ पर्यंत तीच अळी पंजाबात भटिंड्यापर्यंत पोहोचली.

नेमक्या त्याच काळात, ऑक्टोबर २०१८ मध्ये, अमेरिकेच्या कृषी खात्याने आपल्या मुख्य भूमीवरून गुलाबी बोंडअळी नाहीशी झाल्याचं जाहीर केलं. बीटी तेच, अळी तीच. ॲरिझोनात १९९६ पासून बहुतेक शेतकऱ्यांनी साध्या कापसाचा आश्रय खरोखर राखला. २००६ पासून विमानांतून अब्जावधी वांझ पतंग सोडले, म्हणजे शेतात उरलेल्या पतंगाला जोडीदार मिळाला तरी संतती होऊ नये. त्याला कामगंधाची आणि हंगामानंतर शेत मोकळं करण्याची जोड. तिथलं एकेक शेत शेकडो एकरांचं, मालक मोजके, हिवाळ्यानंतर पऱ्हाटी उभी ठेवायची नाही हा कायदा. आपल्याकडे तीच युक्ती अडीच एकरांच्या लाखो तुकड्यांवर राबवायची होती. तुलना करणाऱ्याने एवढं लक्षात ठेवून करावी.

आता मका. कापसाने हात पोळलेले अनेक जण गेल्या काही हंगामांत मक्याकडे वळले. खर्च कमी, वेचणीचे मजूर नकोत, कुक्कुटखाद्याला मागणी, आणि आता इथेनॉलचीही. मुरघासासाठी हिरवा मका उन्हाळ्यातही उभा असतो. म्हणजे लष्करी अळीला वर्षाचा एकही महिना उपाशी जात नाही.

ही मादी आयुष्यात दीड हजारांच्या आसपास अंडी घालते, शंभर-दोनशेच्या पुंजक्यांनी, वर केसांचं पांघरूण घालून. पतंग एका रात्रीत वाऱ्याच्या साथीने शंभर किलोमीटर जाऊ शकतो. शिवमोग्ग्याहून सिल्लोडला ती पुढच्याच खरिपात पोहोचली यात नवल नाही. २०१९ च्या खरिपात इथल्या शेतकऱ्यांनी पोंग्यात माती टाकली, वाळू टाकली, मिळेल ते फवारलं. पण तिच्या हिशेबात एक वेगळी गंमत आहे. पुंजक्यातून शेकडो अळ्या निघतात, आणि महिन्याच्या आत पोंगा उघडून पाहिला तर आत मोठी अळी बहुधा एकच. बाकीच्या पांगल्या किंवा मेल्या, आणि काही तर तिनेच खाल्ल्या. पोंग्यात जागा एकीला, जी जिंकली ती पोटभर जेवली.

सगळ्यांनी सारखंच उपाशी राहायचं ठरवलं तर काय होतं, ते ए. जे. निकोल्सन या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात मेंढ्यांच्या जखमांवर पोसणाऱ्या माश्या पिंजऱ्यात वाढवून दाखवलं. अन्न ठरावीक. माश्या वाढल्या की प्रत्येकीला अर्धपोट, कुणालाच अंडी घालण्यापुरतं नाही. मग एकदम घसरण, मग पुन्हा उसळी. महिन्या-सव्वा महिन्याच्या लाटा, अन्न रोज तेवढंच असूनही. पुढे १९७० च्या दशकात रॉबर्ट मे यांनी दाखवलं की वेरहुल्स्टचं साधं समीकरण पिढीपिढीने मोजलं आणि वाढीचा वेग पुरेसा चढवला तर संख्या सपाट न होता वेडीवाकडी नाचू लागते, आणि काही पिढ्यांपुढचा आकडा सांगता येत नाही. गुळगुळीत वक्ररेषेबद्दल वर कुरकुर केली ती यासाठी. एखाद्या वर्षी कीड का आली नाही आणि पुढच्या वर्षी का आली, याला दरवेळी हवामानाचं कारण असतंच असं नाही.

लष्करी अळीची पहिल्या वर्षांतली धार नंतर थोडी बोथट झाली. मित्रकीटकांना ती ओळखीची झाली. पावसाळी, दमट दिवसांत मेटारायझियम रायली नावाची बुरशी तिला मारते. पानाला चिकटून ताठ झालेल्या पांढरट-हिरव्या अळ्या दिसल्या तर ती त्याच बुरशीची कामगिरी. अंडी फस्त करणारे टेलेनोमससारखे कीटकही आहेत. पण ही फौज शेतात टिकेल की नाही ते फवारणी ठरवते, आणि इथे इटलीच्या मासळीबाजाराची आठवण काढायला हवी. पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रात मासेमारी जवळजवळ थांबली होती. युद्धानंतर उंबेर्तो दांकोना या प्राणिशास्त्रज्ञाला बाजाराच्या नोंदींत दिसलं की त्या वर्षांत शार्कसारख्या शिकारी माशांचं प्रमाण वाढलं होतं. त्याने सासरे विटो व्होल्तेरा यांना कारण विचारलं. व्होल्तेरांनी १९२६ मध्ये गणित मांडलं: भक्ष्य आणि भक्षक दोघांनाही सारख्या प्रमाणात मारत राहिलं, तर सरासरीने भक्ष्य वाढतं आणि भक्षक घटतो. मारणं थांबलं की उलट. समुद्रात जाळं जे करतं तेच मक्याच्या शेतात फवारा करतो. अळी भक्ष्य, मित्रकीटक भक्षक, आणि औषध दोघांनाही लागतं. फायदा कुणाचा, ते व्होल्तेरांनी फवारा पाठीवर घेण्याच्या कितीतरी आधी सांगून ठेवलं आहे.

याचं उलटं उदाहरणही आपल्याच कापसातलं आहे. २००६ च्या सुमारास परदेशी पिठ्या ढेकणाने उत्तर भारतापासून महाराष्ट्रापर्यंत कापूस पांढरा केला. लोकांनी जहाल औषधं मारली, उपयोग झाला नाही. मग त्या ढेकणाच्या पोटात वाढणारा एक बारीक मित्रकीटक शेतांत आपला आपणच पसरला आणि ढेकूण ओसरला. त्या कीटकाला एका मराठी शास्त्रज्ञाचं, डॉ. बंबावाले यांचं नाव देण्यात आलं: एनेशियस बंबावालेई. नंतर तो अमेरिकेत आधीच वर्णन झालेला निघाला आणि ते नाव गेलं. काम मात्र त्याचं तसंच चालू आहे.

आता तिसरी जीवसंख्या तालुक्यात वाढू लागली आहे, आणि ती किडीची नाही, तणाची आहे. तणनाशक सोसणारं कापूस बियाणं देशात अधिकृत नाही, तरी ते पिकतं आणि धाडीत सापडतं. त्याचं आकर्षण समजण्यासारखं आहे. श्रावणात निंदणीला बाई मिळत नाही. मिळाली तर तिची मजुरी परवडत नाही. ग्लायफोसेट फवारलं की तण मरतं, कापूस उभा राहतो. बीटीचीही सुरुवात परवानगीच्या आधीच गुजरातेतल्या बेकायदा बियाण्याने झाली होती; ते २००१ साली उघडकीस आलं. पण तणाच्या बाबतीतही उरतात त्या शंभरातल्या दोनच. ग्लायफोसेटला न जुमानणारं पहिलं तण १९९६ साली ऑस्ट्रेलियात नोंदलं गेलं. अमेरिकेत जॉर्जियाच्या कापसात २००० नंतरच्या दशकात असाच एक माठ माजला. आपल्या भाजीच्या माठाचाच तो भाऊबंद, एका झाडाला लाखोंनी बी धरणारा. तिथल्या शेतकऱ्यांनी आधी औषधाचं प्रमाण वाढवलं, मग औषधं बदलली, आणि शेवटी शेतात मजूर उतरवून हाताने निंदणी करून घेतली.